चावीची पावती

सावद्याच्या पुढे, फाट्यावर,
जिथे कडुनिंबाची सावली बारापर्यंत रस्त्यावर असते
आणि बारानंतर शेतात निघून जाते,
तिथे माझी ड्यूटी.
मागे केळीच्या बागा, पुढे तापलेलं डांबर,
मध्ये मी आणि पिवळं बॅरिकेड,
त्यावर कुठल्याशा ज्वेलर्सची जाहिरात.

हात वर केला की गाडी थांबते.
सोळा वर्षं झाली, अजून गंमत वाटते.
नऊ टनांचा आयशर
एवढ्याशा तळव्याला भितो,
ज्याला पहाटे कळण्याच्या भाकरीचं पीठ लागलेलं असतं.

कायदा ट्रेनिंगला पाठ केला होता.
एकशे तीस : मागितले तर कागद दाखवावेत.
दोनशे सहा : लायसन ताब्यात घेतलं तर पोच द्यावी.
दोनशे सात : कारण असेल तर गाडी अडकवून ठेवावी.
चावीबद्दल कुठे काही वाचल्याचं आठवत नाही.
ती काढायला वारके हवालदारांनी शिकवलं.
"आधी चाबी, मंग बोलणं," म्हणायचे,
"चाबी हातात आली का मानूस आपोआप खाली उतरते."
खिडकीतून हात घालायचा, अंगठा आणि दोन बोटं,
अर्धा उलटा फेरा.
माझ्या मनगटाला हे माझ्याआधी कळतं.

मागच्या मे महिन्यात, भर दुपारी,
सुभान तडवीची गाडी थांबवली.
पालकडचा. चारच्या रॅकला लागणारी केळी भरलेली.
इन्शुरन्स तीन दिवसांपूर्वी संपलेला.
चलन करायचं, सोडायचं, एवढंच काम,
पण मशीनला रेंज नव्हती,
आणि तेवढ्यात वायरलेसवर निरोप :
फैजपूरला बंदोबस्त, ताबडतोब.
मी जीपमध्ये चढले,
चावी शर्टाच्या खिशात,
शिट्टीच्या शेजारी.

रात्री साडेनऊला सापडली, खिसा रिकामा करताना.
लाल दोरा, त्याला पितळी घुंगरू.
दिवसभर वाजलं असणार.
बंदोबस्तात कोण ऐकतं.

परत गेले तर गाडी तिथेच.
क्लीनर पोरगा बोनेटच्या उबेला झोपलेला,
नाही, चुकलं, इंजिन केव्हाच गार झालं होतं,
ऊब ताडपत्रीखालून येत होती,
गरम झालेल्या घडांचा तो गोड वास,
जो घरात असला तर मला आवडतो.
रॅक गेली होती.

वाटलं, ओरडेल. तक्रार करतो म्हणेल.
तो टायराजवळून उठला, पँट झटकली, म्हणाला,
"बाई, चाबीची पावती भेटीन का?
मालकाले दाखवा लागीन."

मशीन हातात होतं. रेंजही आली होती.
हेल्मेटची पावती निघते त्यातून,
सीटबेल्टची, धुराची, फुटक्या दिव्याची,
उलट दिशेने आलेल्या माणसाची.
मी स्क्रीनवर बोट फिरवत राहिले
वर, खाली, पुन्हा वर,
त्याच्यासमोर काहीतरी करत असल्यासारखी.

स्टेशन डायरीत नोंद नाही.
साहेबांना सांगितलं नाही.
वारके रिटायर होऊन गावी फवारणीचे पंप दुरुस्त करतात,
त्यांना काय सांगणार.

आता मी चावी काढत नाही.
मनगट वळतं अजून, त्याला खिशात घालते.
"दादा, इंजिन बंद करा, कागद दाखवा."
एक जण तेवढ्यात सुसाट पळाला.
सोबतचा शिपाई हसला, "मॅडम, चाबी?"
मी नंबर लिहून घेतला. चलन त्याच्या घरी जाईल,
माझ्या हातापेक्षा सावकाश, पण जाईल.

परवा सुभानची गाडी आली.
सगळ्यांना करते तसाच हात वर केला.
काच आधीच खाली होती.
मी काही बोलायच्या आत
त्याने स्वतःच चावी काढली
आणि खिडकीबाहेर धरली,
घुंगरासकट,
दुसरीकडे बघत.